पाटी नवी, मस्टर कुणाचं?

६ जून २००५ रोजी महाराष्ट्रातल्या वीज कर्मचाऱ्यांचं काम तेच राहिलं आणि मालक बदलला. २० जून १९६० ला स्थापन झालेलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ त्या दिवशी चार कंपन्यांत विभागलं गेलं. वीज तयार करायची महानिर्मितीनं, उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून ती न्यायची महापारेषणनं, घराघरांत आणि कारखान्यांत पोचवायची महावितरणनं. तिन्हींची मालकी एमएसईबी होल्डिंग कंपनीकडे आणि तिची राज्य सरकारकडे. रायगड जिल्ह्यातल्या कळंबोलीत खांबावर चढणारा लाइनमन आदल्या दिवसापर्यंत मंडळाचा होता, त्या दिवसापासून महावितरणचा झाला. कार्यालयांवरच्या पाट्या, बिलांवरचं बोधचिन्ह, लेटरहेड, गाड्यांवरची अक्षरं हळूहळू बदलत गेली.

पन्नास दिवसांनी २६ जुलैचा पाऊस आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. सिडकोनं खाडीलगतच्या सखल भागात वसवलेल्या कळंबोलीतही पाणी भरलं. पाणी ओसरल्यावर वीज सुरू करायला जी माणसं बाहेर पडली, ती नव्या कंपनीच्या मस्टरवर होती आणि त्यांचं सारं शिक्षण मंडळात झालेलं होतं. कुठला फीडर कुठून येतो, कुठल्या रोहित्राला पाणी आधी लागतं, हे ज्ञान कुठल्याही हस्तांतरणाच्या कागदावर नव्हतं. ते माणसांसोबत आलं. नव्या नावाबद्दल कर्मचाऱ्यांना काय वाटतं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. नाव कंपनीचं असतं, पण ते नाव ज्यांच्यामुळे खरं किंवा खोटं ठरतं ती माणसं बोधचिन्हाच्या बैठकीत बहुधा नसतात.

एखाद्या संस्थेचं नाव किंवा बोधचिन्ह बदललं की कर्मचारी साशंक होतात. व्यवस्थापन त्याला ‘बदलाला विरोध’ म्हणतं आणि विषय तिथंच संपवतं. जुन्या सवयी सुटत नाहीत, नवं नको असतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. माझं मत वेगळं आहे. ही शंका म्हणजे माहिती असते. संस्थेत यापूर्वी काय सांगितलं गेलं, त्यातलं काय पाळलं गेलं आणि नव्या घोषणेत कशाचा उल्लेख टाळला आहे, याचा हिशेब कर्मचाऱ्याकडे असतो. तो हिशेब नेहमी बरोबर निघतो असं नाही. पण तो तपासून पाहण्याजोगा नक्की असतो.

कळंबोलीला हा विषय परका नाही. इथल्या लोखंड बाजारात देशातल्या मोठ्या पोलाद कंपन्यांचा माल उतरतो आणि त्या कंपन्यांच्या नावांचा इतिहास व्यापाऱ्यांपासून हमालांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतो. टाटा आयर्न अँड स्टील कंपनी, म्हणजे टिस्को, २००५ साली टाटा स्टील झाली. याच रायगड जिल्ह्यात डोलवीचा इस्पातचा कारखाना डिसेंबर २०१० मध्ये जिंदालांच्या जेएसडब्ल्यूनं घेतला. कंपनीचं नाव आधी जेएसडब्ल्यू इस्पात झालं आणि २०१३ मध्ये ती जेएसडब्ल्यू स्टीलमध्ये विलीन झाली. म्हणजे तीनेक वर्षांत त्याच फाटकावर तीन नावं. खुद्द कळंबोलीचा कारभारही १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आला. पालिकेची पाटी लागायला वेळ लागला नाही. तिच्यात आलेल्या ग्रामपंचायतींच्या कर्मचाऱ्यांच्या समावेशनाचा प्रश्न मात्र पुढं बराच काळ रेंगाळला.

वरवर सारखे दिसणारे हे बदल कायद्याच्या नजरेत एक नाहीत, आणि कामगाराच्या शंकेचं मूळ समजून घ्यायचं तर हा फरक आधी लक्षात घ्यायला हवा. नुसतं बोधचिन्ह बदललं तर कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. ट्रेडमार्कची नोंदणी केली की झालं. कंपनीचं नाव बदललं तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो, निबंधकाची मंजुरी लागते, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे पुढची दोन वर्षं नव्या नावाबरोबर जुनं नावही पाटीवर आणि पत्रांवर लिहावं लागतं, म्हणजे व्यवहार करणाऱ्यांची फसगत होऊ नये. पण कायदेशीर व्यक्ती तीच राहते. टिस्कोची टाटा स्टील झाली तेव्हा कुणाच्याही नोकरीचा करार नव्यानं करायची गरज नव्हती. तिसरा प्रकार मालक बदलण्याचा. इथं उद्योग एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि त्याच्याबरोबर माणसंही जातात. या प्रसंगासाठी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५ एफएफ घातलं गेलं. सेवा खंडित झाली नाही, नव्या मालकाच्या अटी जुन्यापेक्षा कमी लाभाच्या नसल्या आणि पुढं कधी कपात करायची वेळ आली तर आधीची वर्षंही धरून भरपाई देण्याचं बंधन नव्या मालकावर असलं, तरच हस्तांतरणाच्या वेळी भरपाई देणं टळतं. एखादी अट मोडली तर कामगाराला कपात झाल्यासारखी भरपाई मागता येते.

विद्युत मंडळाचं विभाजन या तिसऱ्या प्रकारातलं होतं. १० जून २००३ पासून लागू झालेल्या केंद्राच्या वीज कायद्यानं राज्यांच्या विद्युत मंडळांची पुनर्रचना करायला लावली. महाराष्ट्रात मुदतवाढी घेत घेत ती २००५ च्या जूनपर्यंत आली. याच कायद्याच्या कलम १३३ मध्ये कर्मचाऱ्यांना नव्या कंपनीत पाठवताना सेवाशर्ती आधीपेक्षा खालावता येणार नाहीत, असं लिहिलं आहे. कागदावर संरक्षण पुरेसं होतं. तरीही संघटनांनी विभाजनाला विरोध केला. का केला?

कारण त्यांनी आजूबाजूला पाहिलं होतं. १९९६ मध्ये ओडिशाचं विद्युत मंडळ फोडलं गेलं आणि १९९९ मध्ये तिथलं वितरण खासगी कंपन्यांकडे गेलं. जानेवारी २००० मध्ये उत्तर प्रदेशात मंडळाच्या विभाजनाविरुद्ध मोठा संप झाला. १ जुलै २००२ ला दिल्ली विद्युत बोर्डाच्या वितरणाचे तीन तुकडे झाले आणि प्रत्येकातला ५१ टक्के वाटा खासगी उद्योगसमूहांना मिळाला. तिथं विभाजन आणि विक्री एकाच वेळी झाली. महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्याला ‘महावितरण’ हे नवं नाव ऐकू आलं तेव्हा त्याच्या मनात ओडिशाचा आणि दिल्लीचा अनुभव होता. शिवाय घरचा अनुभवही ताजा होता. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाची वीज घ्यायला मंडळानं १९९९ मध्ये सुरुवात केली आणि २००१ मध्ये ती बंद करावी लागली, इतकी ती महाग पडली. तो करार लाइनमननं केला नव्हता, पण मंडळ तोट्यात का, या प्रश्नाचं उत्तर देताना बोट बहुतेक वेळा वीजचोरीकडे आणि कर्मचाऱ्यांच्या कार्यक्षमतेकडे वळत असे. अशा वेळी नवं नाव म्हणजे नवी सुरुवात असं कुणी म्हटलं, तर जुन्याचा दोष कुणाच्या माथी जाणार हा प्रश्न मनात येणारच.

पुढं काय झालं ते दोन्ही बाजूंनी पाहायला हवं. ज्या स्वरूपात भीती होती त्या स्वरूपात ती खरी ठरली नाही. महावितरण विकली गेली नाही, आजही ती राज्य सरकारच्या मालकीची आहे. पण २६ जानेवारी २००७ ला भिवंडीचं वितरण टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून गेलं. फ्रँचायझीत परवाना महावितरणचाच राहतो. खासगी कंपनी तिच्याकडून ठरलेल्या दरानं वीज घेते, तारा-रोहित्रं सांभाळते, बिलं देते, वसुली करते. भिवंडीत गळती बरीच खाली आली, हे मान्य करायलाच हवं. २०११ मध्ये नागपूर, औरंगाबाद आणि जळगावातही हा प्रयोग झाला, आणि तिन्ही ठिकाणी तो काही वर्षांत गुंडाळून कारभार पुन्हा महावितरणकडे आला. २०२० मध्ये मुंब्रा-कळवा-शीळ हा भाग टोरंटकडे गेला. म्हणजे कर्मचाऱ्यांनी २००५ मध्ये जे भाकीत केलं त्याचा तपशील चुकला, दिशा बरीचशी जुळली. अशी शंका घेणाऱ्याला नुसतं ‘बदलविरोधी’ म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं.

आता बोधचिन्हाकडे वळू. बोधचिन्हाचं काम ओळख पटवणं हे आहे. अर्थ त्यात नंतर साठतो. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी १९७१ मध्ये केलं. त्यात कुणाला कुलपाचं भोक दिसतं, कुणाला नाणं. त्या आकारात स्वतःचा असा विश्वास नाही. गावोगावच्या शाखांत लाखो लोकांच्या ठेवी सुरक्षित राहिल्या, पेन्शन वेळेवर मिळाली, म्हणून तो आकार विश्वासाचा झाला. पुण्यात १९३५ साली स्थापन झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रचं बोधचिन्ह दीपमाळेचं आहे. बँकेनं त्याचा जो अर्थ सांगितला आहे त्यात तीन ‘एम’ येतात. पैशांची उभारणी, पद्धतींचं आधुनिकीकरण आणि तिसरा कर्मचाऱ्यांना प्रेरणा. बोधचिन्हाच्या अर्थातच कर्मचाऱ्याला जागा देणारी अशी उदाहरणं विरळाच, आणि म्हणून मला ती दीपमाळ नुसत्या आकारापलीकडे मोलाची वाटते.

कर्मचाऱ्याच्या दृष्टीनं संस्थेचं नाव हा त्याच्या स्वतःच्या ओळखीचा भाग असतो. ‘बोर्डात आहे’ या दोन शब्दांवर एकेकाळी लग्नं ठरत, बँकेचं कर्ज मिळे, गावात पत मिळे. स्टुअर्ट अल्बर्ट आणि डेव्हिड व्हेटन या दोन अभ्यासकांनी १९८५ मध्ये संस्थेच्या ओळखीची जी मांडणी केली ती पुढं या विषयाचा पाया बनली. ‘आपण कोण’ याचं संस्थेतल्या माणसांनी दिलेलं उत्तर म्हणजे संस्थेची ओळख, असं त्यांनी म्हटलं. त्या उत्तरात तीन गोष्टी असाव्या लागतात. ती संस्थेच्या गाभ्याची असते, इतरांपासून वेगळी असते आणि काळात टिकणारी असते. नवं बोधचिन्ह या तिसऱ्या गोष्टीलाच हात घालतं. काल जे टिकाऊ म्हणून सांगितलं ते आज बदलण्याजोगं ठरलं, तर आज सांगितलेलं उद्या टिकेल कशावरून, असा विचार कुणाच्याही मनात येईल.

याच प्रश्नावर अमेरिकेत जॉन वॅनस, आर्नन रायकर्स आणि जेम्स ऑस्टिन यांनी काम केलं. संस्थेतल्या बदलांबद्दलचा कडवटपणा कुठून येतो, यावरचा त्यांचा लेख १९९७ चा आहे. त्यांच्या निष्कर्षातली मला पटलेली गोष्ट अशी की कडवटपणा हा माणसाचा जन्मजात स्वभाव कमी आणि संस्थेच्या इतिहासाचा परिणाम जास्त असतो. आधीचे बदल अर्धवट सोडले गेले, त्यांचं काय झालं हे कुणी सांगितलं नाही, निर्णयात विचारलं गेलं नाही, की पुढच्या बदलाबद्दल माणूस आधीच हात झटकतो. इथं शंका आणि कडवटपणा यांतला फरक सांभाळायला हवा. शंका घेणारा विचारतो, हे जमेल का? कडवट झालेला म्हणतो, यांच्या मनातच वेगळं आहे. पहिल्याला माहिती दिली तर तो सोबत येऊ शकतो. दुसऱ्याला माहिती दिली तरी तो तिच्यातला कावा शोधतो. संस्थेचं खरं नुकसान दुसऱ्या टप्प्यावर होतं, आणि पहिल्या टप्प्यावर उत्तरं न मिळाल्यामुळेच माणसं तिथं पोचतात.

मुंबईनं याचं सर्वात मोठं उदाहरण विमानतळावर पाहिलं. डिसेंबर २००५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं नाव ‘इंडियन’ असं आखूड झालं आणि विमानांच्या शेपटीवर कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या चाकावरून घेतलेलं चिन्ह आलं. दोन वर्षंही झाली नव्हती तोवर ऑगस्ट २००७ मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली. नवं बोधचिन्ह आलं ते दोघांचं मिळून: उडता लाल हंस आणि त्याच्या पोटात कोणार्कचं चाक. विमानं रंगवली गेली, गणवेश बदलले, तिकिटांवरचं नाव एक झालं. दोन कंपन्यांचे पगार, भत्ते आणि बढत्यांच्या याद्या मात्र वेगवेगळ्याच राहिल्या. एकाच चिन्हाखाली एकाच प्रकारचं विमान चालवणाऱ्या दोन वैमानिकांना वेगवेगळ्या अटी लागू होत्या. एप्रिल २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी संपावर गेले. त्यानंतर न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली, आणि तिचा अहवाल आला २०१२ च्या जानेवारीत. त्याच वर्षी पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप केला, तो जवळजवळ दोन महिने चालला. त्यांचं म्हणणं होतं की नव्या ड्रीमलायनर विमानांच्या प्रशिक्षणात आणि बढतीत त्यांचा हक्क डावलला जातो आहे.

या सगळ्याचा क्रम पाहा. चिन्ह आधी एक झालं, सेवाशर्ती एक करण्याचा मार्ग सुचवणारा अहवाल चार वर्षांहून अधिक काळानं आला. बाहेरच्या प्रवाशाला एकच विमान कंपनी दिसत होती आणि आतल्या माणसाला रोज दोन दिसत होत्या. अशा संस्थेत काम करणाऱ्यानं बोधचिन्हाकडे पाहून काय समजायचं? मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं, कारण जगभर नाव असलेल्या दोन संस्थांतली चांगली माणसं त्या काळात एकमेकांसमोर उभी केली गेली.

पुढचा अंकही याच धाग्यातला आहे. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. त्या वर्षी मुंबईतल्या कर्मचाऱ्यांसमोरचा तातडीचा प्रश्न कलिन्याच्या वसाहतीतली घरं सोडण्याचा होता, आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. १० ऑगस्ट २०२३ ला सोनेरी खिडकीच्या चौकटीचं नवं बोधचिन्ह जाहीर झालं. एप्रिल २०२४ मध्ये, विस्तारा या विमान कंपनीचं एअर इंडियातलं विलीनीकरण जवळ आलेलं असताना, विस्ताराचे वैमानिक नव्या वेतनरचनेवर नाराज झाले. आधी महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचं वेतन निश्चित होतं, नव्या रचनेत ते ४० तासांवर येणार होतं. मोठ्या संख्येनं वैमानिक रजेवर गेले आणि विस्ताराला कितीतरी उड्डाणं रद्द करावी लागली. ब्रँडच्या एकीकरणाची किंमत त्या वैमानिकांनी आपल्या वेतनपत्रकावर मोजली, आणि माझ्या मते त्यांचं मोजमाप योग्य जागी होतं.

इंग्लंडमध्ये २००१ साली टपाल खात्याच्या कंपनीनं शेकडो वर्षांचं नाव टाकून ‘कॉन्सिग्निया’ असं नवं नाव घेतलं. आम्ही आता पत्रं वाटण्यापेक्षा खूप काही करतो, हे त्यातून सांगायचं होतं. कंपनी त्या वेळी रोज दहा लाख पौंडांहून अधिक तोट्यात होती आणि हजारो नोकऱ्या कमी करण्याची चर्चा चालू होती. टपाल कामगारांच्या संघटनेनं त्या नावावर बहिष्कार टाकला. २००२ मध्येच ते नाव सोडून कंपनीनं ‘रॉयल मेल’ हे नाव घेतलं. नाव वाईट होतं की वेळ वाईट होती, यावर तिकडे खूप लिहिलं गेलं. मला वेळच जास्त कारणीभूत वाटते. कपातीची यादी ज्या टेबलावर आहे त्याच टेबलावरून नवं नाव आलं, तर कामगार ते त्या यादीसोबतच वाचणार.

याउलट बँक ऑफ बडोदानं २००५ मध्ये उगवत्या सूर्याचं नवं बोधचिन्ह घेतलं तेव्हा जुनं नाव तसंच ठेवलं. अध्यक्ष अनिल खंडेलवाल हे मूळचे मनुष्यबळ विभागातले. चिन्हाबरोबरच अनेक शाखा सकाळी आठ ते रात्री आठ उघड्या ठेवण्याचा आणि संगणकीकरणाचा कार्यक्रम आला. कर्मचाऱ्यांना तोही जड गेला असेल, कामाचे तास हा काही हलका विषय नाही. पण काउंटरवरच्या माणसाला निदान एवढं दिसत होतं की नुसती पाटी बदलत नाही, तिच्याखालचं कामही बदलतं आहे.

महावितरणमध्ये हे कामाचं बोलणं वेगळ्या वाटेनं गेलं. लाइनमनला ‘जनमित्र’ म्हणायला सुरुवात झाली, ‘प्रकाशदूत’ हा शब्दही आला. लोकांनी लाइनमनला आदरानं हाक मारावी या हेतूत वावगं काहीच नाही. पण त्याच काळात नव्यानं लागणाऱ्या तरुणाला सुरुवातीची तीन वर्षं ‘विद्युत सहायक’ म्हणून ठरावीक मानधनावर काढावी लागतात, आणि तेवढ्या काळात खांबाची उंची किंवा तारेतला दाब काही कमी होत नाही. भविष्य निर्वाह निधीचा ट्रस्ट मात्र जुन्या मंडळाच्याच नावानं राहिला. म्हातारपणाचे पैसे ज्या नावावर आहेत ते नाव माणूस सहजी विसरत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ही सगळी जुनी शंका कळंबोलीच्या परिसरात पुन्हा जिवंत झाली. अदानी समूहाच्या कंपनीनं भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या भागासाठी वीज वितरणाचा समांतर परवाना मागणारा अर्ज राज्य वीज नियामक आयोगाकडे केला. महावितरणच्या भांडुप परिमंडलाचा हा बहुतेक सारा प्रदेश. २००३ च्या कायद्याचं कलम १४ एकाच भागात दोन परवानाधारकांना मुभा देतं, आणि मुंबईच्या उपनगरांत अशी व्यवस्था आधीपासून आहे. कर्मचाऱ्यांचा आक्षेप समजून घ्यायचा तर विजेच्या दराची रचना पाहावी लागते. तळोज्याचे कारखाने, कळंबोलीचा बाजार, नवी मुंबईचे मॉल आणि कार्यालयं जास्त दर देतात. त्या पैशातून शेतीपंप आणि गरीब घरांचा दर कमी ठेवता येतो. जास्त दर देणारे ग्राहक नव्या कंपनीकडे गेले तर उरलेल्यांचा भार महावितरणवर, पर्यायानं खेड्यांतल्या ग्राहकांवर येईल, असं संघटनांचं म्हणणं होतं. हा मुद्दा फक्त नोकरीपुरता नव्हता, म्हणून मला तो गंभीर वाटला.

३ जानेवारी २०२३ च्या मध्यरात्रीपासून तीस-एक संघटनांच्या संघर्ष समितीनं तिन्ही कंपन्यांत ७२ तासांचा संप पुकारला. सरकारनं मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायदा, लावला. दुसऱ्याच दिवशी, ४ जानेवारीला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याबरोबर बैठक झाली. या कंपन्यांचं खासगीकरण करायचं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि संप मागे घेतला गेला. १७ वर्षांपूर्वी पाटी बदलताना जे आश्वासन संघटनांना ठामपणे हवं होतं, ते त्यांनी त्या बैठकीत मिळवलं.

त्या संपात कायम कर्मचाऱ्यांच्या बरोबरीनं कंत्राटी कामगारही उतरले होते, आणि त्यांना सेवेत सामावून घ्यावं ही मागण्यांतली एक मागणी होती. या लेखातला सगळ्यात अवघड प्रश्न त्यांचा आहे. त्यांच्या ओळखपत्रावर आणि जॅकेटवर महावितरणचं नाव असतं, ग्राहकाच्या दारात ते महावितरण म्हणून उभे राहतात, शिव्याही तिच्याच नावानं खातात. मस्टर मात्र कंत्राटदाराचं, आणि कंत्राट संपलं की दुसऱ्या कंत्राटदाराचं. नव्या बोधचिन्हाबद्दल त्यांना काय वाटतं हे विचारायची पद्धत बहुधा कुठल्याच कंपनीत नाही. कायद्यानं मात्र त्यांच्याकडे खूप आधी पाहिलं आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १२ नं तत्त्व घालून दिलं की कंत्राटदाराचा माणूस मूळ मालकाच्या कामावर असताना जखमी झाला किंवा दगावला, तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, आणि त्यानं ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ नं वेतनाबाबतही तसंच ठरवलं: कंत्राटदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं द्यायची. कळंबोलीत पावसात खांबावर चढलेल्या कंत्राटी माणसाच्या जॅकेटवर जे नाव आहे, त्या नावावर त्याचा एवढा हक्क तरी शंभर वर्षांपासून लिहून ठेवलेला आहे, आणि मस्टरवर नाव लावण्याची त्याची मागणी त्याच हक्काची पुढची पायरी आहे.